राजीनामा टाईप करून ठेवलाय, पण मेडिक्लेमचं काय?

मी पुण्यात एका कंपनीत पेरोल आणि एचआरचं काम बघते. नोकरी सोडणारा माणूस शेवटच्या आठवड्यात डेस्कवर येऊन जे विचारतो ते साधारण ठरलेलं असतं, फुल अँड फायनल कधी, पीएफ ट्रान्सफर कसा करायचा, रिलिव्हिंग लेटर मेलवर येणार का हातात. पण माणूस चाळिशीच्या आसपासचा असला की आणखी एक प्रश्न असतो, आणि तो शेवटच्या आठवड्यात नाही तर राजीनामा द्यायच्या आधीच येतो, तोही हळू आवाजात. मॅडम, आईबाबांचं कव्हर लास्ट वर्किंग डेपर्यंतच ना? मी हो म्हणते. मग बऱ्याचदा राजीनामाच पुढे ढकलला जातो, वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊ दे, आईचा मोतीबिंदू होऊ दे, मग बघू.

आता हा माणूस कंपनीत का टिकला? पगार आवडतो म्हणून नाही, बॉस आवडतो म्हणून तर मुळीच नाही. कंपनीच्या मेडिक्लेम कार्डावर आईवडिलांचं नाव आहे म्हणून. अर्थशास्त्रवाले याला जॉब लॉक म्हणतात, आणि यावर सगळ्यात जास्त अभ्यास झालाय अमेरिकेत, कारण तिकडे हा प्रकार आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या प्रमाणावर आहे. म्हणून आधी तिकडचं सांगते, मग आपल्या चाकण-हिंजवडीकडे येऊ.

पहिला प्रश्न, आरोग्याचा विमा नोकरीला चिकटला कसा? गाडीचा इन्शुरन्स कंपनी काढून देत नाही, घराचा देत नाही, मग तब्येतीचाच का? तर याचं मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. लाखो पुरुष सैन्यात गेलेले, कारखान्यांना माणसं मिळत नव्हती, आणि महागाई भडकू नये म्हणून अमेरिकन सरकारने १९४२ मध्ये कायदा करून पगार गोठवले. म्हणजे शेजारच्या कारखान्यातला चांगला कामगार ओढायचा तर जास्त पगार देऊन ओढता येत नाही. पण वॉर लेबर बोर्डाने (युद्धकाळात पगार आणि कामगारांचे तंटे बघणारं सरकारी मंडळ) इन्शुरन्ससारख्या सोयींना पगाराच्या बंधनातून सूट दिली, आणि कंपन्यांनी ती वाट पकडली, पगार नाही तर हॉस्पिटलचा खर्च आम्ही बघतो, या. युद्ध संपलं, पगारावरची बंधनं गेली, पण १९५४ च्या टॅक्स कायद्याने पक्कं करून टाकलं की कंपनी तुमच्यासाठी जो प्रीमियम भरते तो तुमचं उत्पन्न धरायचा नाही. झालं, पगारात मिळालेल्या डॉलरवर टॅक्स आणि प्रीमियममध्ये गेलेल्या डॉलरवर टॅक्स नाही म्हटल्यावर कोण कशाला पगार मागेल? युद्धकाळातली तात्पुरती पळवाट कायमची व्यवस्था होऊन बसली, कुणी असं ठरवून डिझाईन वगैरे केलेलं नव्हतं.

आज पासष्ट वर्षांखालच्या साधारण साडेपंधरा कोटी अमेरिकन लोकांचा विमा कुणाच्या तरी नोकरीतून येतो. आणि किंमत ऐका, २०२४ मध्ये कंपनीतल्या फॅमिली कव्हरचा वर्षाचा सरासरी प्रीमियम २५,५७२ डॉलर होता, म्हणजे आपल्या रुपयात एकवीस लाखाच्या वर. त्यातले साधारण ६,३०० डॉलर कर्मचारी स्वतः भरतो, बाकीचे कंपनी. म्हणजे नोकरी सुटली की नुसता पगार जात नाही, त्याशिवाय हे एवढं ओझं अंगावर येतं, आणि तेही ज्या महिन्यात पगार बंद झालाय त्याच महिन्यात.

आणि २०१४ च्या आधी तर याहून वाईट होतं, कारण स्वतः बाजारात जाऊन पॉलिसी घ्यायची म्हटली तर बहुतेक राज्यांत विमा कंपनी तुमचा इतिहास बघून सरळ नाही म्हणू शकायची. डायबेटिस आहे, कॅन्सर होऊन गेलाय, बायको प्रेग्नंट आहे, नको आम्हाला. अशा घरातल्या माणसाने नोकरी सोडून स्वतःचं गॅरेज टाकायचं म्हटलं तर ते धाडस नाही, वेडेपणा ठरायचा.

पण हे सगळं ऐकीव झालं, कुणी म्हणेल की लोक नोकरी सोडत नाहीत कारण नोकरी चांगली आहे, ज्या कंपन्या इन्शुरन्स देतात त्या पगारही बरा देतात, सुट्ट्याही देतात, मग इन्शुरन्समुळेच थांबला हे कशावरून? बरोबर शंका आहे. यावर ब्रिजिट मॅड्रियन नावाच्या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९९४ मध्ये जो पेपर लिहिला त्यातली युक्ती मला फार आवडते. त्यांनी कंपनीचा इन्शुरन्स असलेले विवाहित पुरुष घेतले आणि त्यांचे दोन गट केले. एका गटाला बायकोच्या वगैरे बाजूने दुसरीकडूनही कव्हर आहे, दुसऱ्याला फक्त स्वतःच्या नोकरीचंच. इन्शुरन्स खरंच माणसाला बांधून ठेवत असेल तर ज्याला दुसरं कव्हर आहे तो सहज नोकरी बदलेल आणि ज्याला नाही तो चिकटून बसेल, आणि तसंच दिसलं. शिवाय ज्यांचं कुटुंब मोठं, ज्यांची बायको गरोदर, म्हणजे ज्यांना दवाखान्याची गरज जास्त, ते जास्त चिकटून होते, तेही ताडून बघितलं. त्यांचा हिशोब असा निघाला की इन्शुरन्समुळे स्वतःहून नोकरी बदलण्याचं प्रमाण चौथ्या हिश्शाने कमी होतं, वर्षाला शंभरातले सोळा जण नोकरी बदलायचे तिथे बाराच बदलतात.

नंतर इतरांनी वेगळा डेटा घेऊन वेगळे आकडे काढले, काहींना परिणाम अगदीच थोडा दिसला, काहींना दिसलाच नाही, आणि हे भांडण अर्थशास्त्रात अजून पूर्ण मिटलेलं नाहीये. माझं मत विचाराल तर डेस्कच्या या बाजूला बसून जे दिसतं त्यावरून मी मॅड्रियनबाईंच्या बाजूची आहे.

सरकारला हे कळत नव्हतं असं नाही. १९८६ मध्ये कोब्रा नावाचा कायदा आला, वीस किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीतून नोकरी सुटली तर तेच कव्हर साधारण अठरा महिने चालू ठेवता येतं. ऐकायला छान, पण प्रीमियम पूर्ण तुम्ही भरायचा, कंपनीचा वाटासुद्धा तुमच्याकडूनच, वर दोन टक्के कागदपत्राचे, म्हणजे एकूण १०२ टक्के. नोकरी गेलेल्या माणसाला! मग १९९६ मध्ये हिपा आला, त्याने एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत जाताना जुन्या आजाराचा वेटिंग पिरियड, म्हणजे त्या आजाराचा क्लेम मिळेपर्यंत थांबायचा काळ, नव्याने लावायला बऱ्यापैकी लगाम घातला. पण कंपनी सोडून स्वतःचं काही करायचं असेल तर भिंत तशीच होती.

ही भिंत कुठे संपते ते वयाने ठरतं. पासष्ट पूर्ण झाली की मेडिकेअर, हा सरकारी विमा १९६५ च्या कायद्याने आला आणि नोकरी असो नसो मिळतो. म्हणून तिकडे साठीतला माणूस रिटायरमेंट कधी विचारलं की म्हणतो, मेडिकेअर सुरू होऊ दे. संशोधकांनी पासष्टच्या जरा अलीकडचे आणि जरा पलीकडचे लोक शेजारी ठेवून बघितले तेव्हा पलीकडच्यांमध्ये स्वतःचा धंदा असणाऱ्यांचं प्रमाण अचानक वर गेलेलं दिसलं. आता चौसष्टाव्या वर्षी नसलेली धंद्याची हुशारी पासष्टाव्या वाढदिवसाला येते का? कार्ड येतं, बाकी काही नाही. आणि सरकारी पेन्शनचं पूर्ण वय तर आता छासष्ट-सदुसष्टकडे सरकलंय, त्यामुळे पासष्टला जे होतं ते पेन्शनमुळे असं म्हणायलाही फारशी जागा नाही.

इथपर्यंत एकच बाजू झाली, नोकरीला बांधलेला विमा माणसाला नोकरीत अडकवतो. आता उलटी बाजू. सरकारने गरिबांना फुकट विमा दिला तर लोक काम सोडतील का? हा प्रश्न आपल्याकडेही चहाच्या टपरीवर चालतो, सगळं फुकट दिलं तर कोण काम करेल वगैरे. अमेरिकेत याची दोन उत्तरं मिळाली आणि दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध.

पहिलं टेनेसी राज्यातलं. तिथे टेनकेअर नावाची सरकारी योजना होती आणि त्यात बाकी राज्यांत मिळत नव्हतं अशा बऱ्याच प्रौढांना कव्हर दिलेलं होतं. पैसे पुरेनात म्हणून २००५ मध्ये राज्याने साधारण १,७०,००० प्रौढांना एका झटक्यात योजनेतून बाहेर काढलं, त्यात बहुतेक मुलंबाळं नसलेले. पुढे काय झालं? लोक कामाला लागले, आणि कुठल्याही कामाला नाही, मुख्यतः आठवड्याला वीस तासांच्या वरच्या आणि इन्शुरन्स देणाऱ्या कामाला. तीन अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये हे मांडलं तेव्हा याला नाव दिलं एम्प्लॉयमेंट लॉक, म्हणजे अमुक कंपनी सोडता येत नाही एवढंच नाही, काम करणंच सोडता येत नाही, केवळ कार्डासाठी.

दुसरं ओरेगॉनचं. २००८ मध्ये राज्याकडे साधारण दहा हजार नव्या लोकांना मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी विमा, द्यायला पैसे होते आणि नावं आली जवळपास नव्वद हजार. मग त्यांनी चक्क लॉटरी काढली. म्हाडाच्या घरांसारखीच सोडत, फक्त घराऐवजी दवाखान्याचं कार्ड. संशोधकांसाठी ही पर्वणीच, कारण ज्यांना लागली आणि ज्यांना नाही लागली त्यांच्यात नशिबाशिवाय काही फरक नाही, औषधाची चाचणी करतात तसाच हा प्रयोग झाला. निकाल? विमा मिळालेल्यांच्या नोकरीत किंवा कमाईत म्हणावा असा फरक पडला नाही. कुणी काम सोडून घरी बसलं नाही.

मग टेनेसीत लोक धावले आणि ओरेगॉनमध्ये हलले नाहीत, असं का? मला यातलं जे पटतं ते असं की माणसं वेगळी होती. टेनेसीत बाहेर काढलेल्यांमध्ये बरेचजण इतके गरीब नव्हते, त्यांना इन्शुरन्सवाली नोकरी मिळू शकत होती, फक्त गरज नव्हती म्हणून करत नव्हते, आणि हातातलं काढून घेतल्यावर माणूस जेवढा हलतो तेवढा नवं मिळाल्यावर हलत नाही. ओरेगॉनमधले अगदी तळाचे, त्यांना जी कामं मिळत होती त्यात इन्शुरन्स नसायचाच, मग कार्ड मिळालं म्हणून ते काम सोडणार कशाला, पोट तर त्याच्यावरच आहे ना. शिवाय २००८-०९ ची मंदी. त्यामुळे फुकट विमा दिला की लोक आळशी होतात किंवा होत नाहीत असं एका वाक्यात सांगणारा कुणी भेटला तर त्याला आधी विचारा, कुठले लोक, आणि विमा नव्याने दिला की काढून घेतला?

२०१० मध्ये ओबामाकेअर, म्हणजे ओबामांच्या काळातला आरोग्य विम्याचा कायदा, आला आणि २०१४ पासून विमा कंपन्यांना जुना आजार बघून नाही म्हणता येईनासं झालं, शिवाय उत्पन्नानुसार सबसिडी. त्याच वर्षी फेब्रुवारीत तिकडच्या संसदेच्या बजेट ऑफिसने अंदाज दिला की या कायद्यामुळे २०१७ पर्यंत वीस लाख फुलटाईम नोकऱ्यांइतके कामाचे तास कमी होतील आणि २०२४ पर्यंत पंचवीस लाख. केवढा गदारोळ झाला! विरोधक म्हणाले, बघा, पंचवीस लाख नोकऱ्या खाल्ल्या. पण रिपोर्टात लिहिलेलं वेगळंच होतं, कंपन्या माणसं काढतील असं त्यात मुख्यतः म्हटलंच नव्हतं, लोक स्वतःहून कमी काम करतील असं म्हटलं होतं. बासष्ट वर्षांची नर्स जी फक्त कार्डासाठी नाईट ड्युटी करत होती ती आता पार्टटाईम करेल, आता याला नोकरी गेली म्हणायचं का सुटका झाली म्हणायचं हे तुमच्या राजकारणावर अवलंबून. नंतर प्रत्यक्षात ज्या राज्यांनी या कायद्याखाली मेडिकेड आणखी लोकांना दिलं तिथे बऱ्याच अभ्यासकांना रोजगारावर फार मोठा परिणाम काही सापडला नाही.

पण ओबामाकेअरने एक कुलूप काढताना दुसरी छोटी कुलपं लावली. पन्नास किंवा जास्त फुलटाईम माणसं असतील तर कंपनीने इन्शुरन्स द्यायचाच, आणि फुलटाईम म्हणजे आठवड्याला तीस तास. मग एकोणतीस तासांची शिफ्ट लावायचा मोह कुणाला होणार नाही? आणि सबसिडीची कडा. गरिबी रेषेच्या चारपट उत्पन्नापर्यंत सबसिडी, त्याच्यावर एक डॉलर गेला की शून्य. २०२१ ते २०२५ ही कडा काढून टाकली होती, ती मुदत संपली. २०२६ साठी एकट्या माणसाची ही रेषा ६२,६०० डॉलर येते. साठीतला एखादा फ्रीलान्स अकाउंटंट असेल, ज्याचा प्रीमियम वयामुळे आधीच जबर आहे, तर तो वर्षाच्या शेवटी हातात आलेलं काम नको म्हणेल, कारण दोन हजार डॉलर कमावले तर त्याच्या कितीतरी पट सबसिडी परत द्यावी लागेल. कष्टाळू माणूसच आहे तो, गणित येतं इतकंच.

आर्कान्सोचं तर वेगळंच. तिथे २०१८ मध्ये नियम आला की मेडिकेड पाहिजे तर महिन्याला ८० तास काम करा आणि तसं कळवा. कळवायचं कुठे, तर ऑनलाईन पोर्टलवर, सुरुवातीला फक्त तिथेच, आणि हे पोर्टल रात्री नऊ ते सकाळी सात बंद! म्हणजे दिवसभर काम करून आलेला माणूस, ज्याच्यासाठी हा नियम आहे, तो रात्री साडेनऊला मोबाईल घेऊन बसला तर साईट बंद. (आपल्याकडच्या सर्व्हर डाऊनची आठवण झाली ना, मला पण झाली.) काही महिन्यांत साधारण १८,००० लोकांचं कव्हर गेलं आणि २०१९ च्या मार्चमध्ये कोर्टाने नियम थांबवला. अभ्यास केला तर रोजगार काही वाढलेला नव्हता, कारण बहुतेकजण आधीच काम करत होते नाहीतर सवलतीत बसत होते, फक्त फॉर्म भरलेला नव्हता. तरीही ४ जुलै २०२५ ला जो मोठा कायदा सही झाला त्यात हाच ८० तासांचा नियम आता देशभर आणलाय, ज्या राज्यांनी मेडिकेड वाढवलंय तिथल्या १९ ते ६४ वयाच्या प्रौढांसाठी, २०२७ च्या सुरुवातीपर्यंत लागू करायचाय.

तिकडे असलेल्या आपल्या मराठी लोकांचं तर दुहेरी असतं. एडिसनमध्ये नाहीतर बे एरियात एच-१बी वर असलेल्या घरात नोकरी गेली की व्हिसाचे ६० दिवस मोजायला सुरुवात होते, आणि कंपनीचं कव्हर गेल्यावर सरकारी मार्केटप्लेसवरून पॉलिसी घ्यायलाही साधारण ६० दिवसांचीच खिडकी. २०२७ पासून एच-१बी वाल्यांना त्या मार्केटप्लेसवरची सबसिडीही मिळणार नाहीये. बायको एच-४ वर (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) आणि वर्क परमिट नसेल तर अख्ख्या घराचं कार्ड एका माणसाच्या नोकरीवर. अशा माणसाला कुणी म्हणालं की एवढी हुशारी आहे तर स्टार्टअप का काढत नाहीस, तर तो काय बोलणार.

आता इकडे या. आपल्याकडे लोक म्हणतात, आपण काय अमेरिका नाही, इथे स्वतःची पॉलिसी घेता येते. घेता येते, तिशीतल्या धडधाकट माणसाला. अडसष्ट वर्षांच्या, शुगर आणि बीपी असलेल्या, एक स्टेंट पडलेल्या वडिलांना घेऊन बघा. आधी मेडिकल तपासणी, मग लोडिंग म्हणजे जादा प्रीमियम, नाहीतर नकार. आणि मिळाली तरी जुन्या आजाराला वेटिंग पिरियड. २०२४ मध्ये आयआरडीएआयने (आपल्याकडची विमा नियामक संस्था) तो चार वर्षांवरून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला, आणि पासष्टनंतर नवीन पॉलिसीच नाही हा प्रकारही काढला, हे चांगलं झालं, पण तीन वर्षं म्हणजे त्या वयात कमी नाहीत. उलट कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत बहुतेक ठिकाणी जुना आजार पहिल्या दिवसापासून कव्हर, मेडिकल नाही, काही नाही, एचआरच्या पोर्टलवर आईवडिलांची जन्मतारीख भरली की झालं. आपल्याकडचं जॉब लॉक हे नोकरदाराच्या स्वतःच्या आजारपणाचं नाहीच, ते त्याच्या आईवडिलांच्या आजारपणाचं आहे. म्हणून ते पंचविशीत दिसत नाही, चाळिशीत दिसतं.

यात अजून एक गंमत. बऱ्याच कंपन्यांत आईवडील किंवा सासूसासरे, एकच जोडी घालता येते. नवराबायको दोघं नोकरीत असतील तर त्याच्या कंपनीत त्याचे, तिच्या कंपनीत तिचे. मग बाळ झालं, ब्रेक घ्यायचाय, तर तिने नोकरी सोडायची म्हणजे नुसता पगार नाही, तिच्या आईवडिलांचं कव्हर जातं, आणि त्याच्या पॉलिसीत त्यांना जागा नाही. एकुलत्या एक मुली ज्या घरांत आहेत तिथे हा विषय किती ताणाचा असतो ते मी बघते. आणि काहींनी याच कारणाने नोकरी टिकवली, ज्याचा पुढे करियरला फायदा झाला, असंही बघितलंय, म्हणजे लॉक नेहमी वाईटच असतं असंही नाही.

पण खरी गोष्ट कारखान्यात आहे, ईएसआयसीची, म्हणजे कमी पगाराच्या कामगारांच्या सरकारी विम्याची. तिथे मर्यादा आहे महिना २१,००० रुपये पगार, जानेवारी २०१७ पासून हीच. कामगाराचे ०.७५ टक्के कापायचे, मालकाने ३.२५ टक्के भरायचे. समजा एखाद्या ऑपरेटरचा पगार २०,८०० आहे, त्याचे कापले जातात १५६ रुपये. त्याला वाढ मिळाली, पगार झाला २१,५००. हातात किती जास्त आले? सातशे अधिक ते वाचलेले १५६, साधारण साडेआठशे. गेलं काय? त्याचं, बायकोचं, मुलांचं आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांचं उपचारांचं कव्हर, आजारी पडला तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार, आणि बाई असेल तर २६ आठवड्यांची मॅटर्निटी. साडेआठशे रुपयात बाहेर पाचजणांची पॉलिसी येते का? विषयच नाही. म्हणून वडिलांचं डायलिसिस चालू असलेला कामगार अप्रायझलच्या वेळी येऊन म्हणतो, मॅडम, पगार वाढवू नका. नवीन एचआरवाल्यांना हे ऐकून हसू येतं. त्यात हसण्यासारखं काही नाही, अमेरिकेतला तो अकाउंटंट जे करतो तेच हा करतोय.

याच नियमात दोन बारकावे आहेत ज्यावर लोक खरोखर काम ठरवतात. एक, मर्यादा बघताना ओव्हरटाईम धरत नाहीत. त्यामुळे ज्याला कार्ड टिकवायचंय तो बेसिक वाढवण्यापेक्षा ओव्हरटाईम मागतो, म्हणजे हा विमा माणसाला कमी नाही, जास्त तास काम करायला लावतोय. दोन, तारखा. वर्गणीचे दोन कालावधी असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च, आणि मध्येच पगार मर्यादेच्या वर गेला तर चालू कालावधी संपेपर्यंत कव्हर राहतं. म्हणजे वाढ १ एप्रिलपासून लागली तर माणूस लगेच वर्गणीतून बाहेर, आणि तीच वाढ १ मे पासून लागली तर सप्टेंबरअखेरपर्यंत आत. एका महिन्याच्या फरकाने सहा महिने. ज्या युनियनला हे माहीत असतं ती इफेक्टिव्ह डेटवर अडून बसते, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं एका तारखेवरून कसला वाद घालताहेत.

हळूहळू काही कार्डं नोकरीपासून सुटी होताहेत हेही सांगायला पाहिजे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानखाली पाच लाखांचं कार्ड मिळतं. महाराष्ट्रात महात्मा फुले जनआरोग्य योजना आता पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही आहे, गोव्यात २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना रहिवासावर मिळते, नोकरीवर नाही. पण भरोसा अजून तेवढा बसलेला नाही, कारण जवळचं हॉस्पिटल यादीत आहे का, रोजची औषधं आणि ओपीडी यात नाहीत, मग लोक कंपनीच्या कॅशलेस कार्डालाच धरून बसतात. चौसष्ट ते सत्तर या वयाचे आईवडील ज्यांचे आहेत ते सगळ्यात जास्त अडकलेले, ना पॉलिसी सहज मिळत, ना सत्तरचं कार्ड.

तर नोकरी बदलायचा विचार असेल तर मी लोकांना काय सांगते ते लिहिते, ज्याला उपयोग होईल त्याने करावा. कंपनीचं कव्हर असतानाच, तिशीतच, स्वतःची एक छोटी का होईना पॉलिसी काढून ठेवा, म्हणजे तिचा वेटिंग पिरियड तुम्ही नोकरीत असतानाच संपतो, आणि सलग पाच वर्षं झाली की जुनी माहिती लपवली असा ठपका ठेवून, फसवणूक सिद्ध केल्याशिवाय, क्लेम नाकारता येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा अठरा टक्के जीएसटीही गेलाय. ग्रुपमधून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, आधीच्या वर्षांचं क्रेडिट धरून, पण मिळेलच असं नाही, ते मेडिकल मागू शकतात, म्हणून विचारणा नोटीस पिरियडच्या सुरुवातीलाच करा आणि मेलवर करा, तोंडी नको. लास्ट वर्किंग डे च्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे फोन करून काही होत नाही, तोपर्यंत आम्ही टीपीएला (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी मधली कंपनी) तुमचं नाव डिलीट करायची यादी पाठवलेली असते. नव्या कंपनीत जाणार असाल तर ऑफर लेटरमध्ये मेडिक्लेम पाच लाख एवढं लिहिलेलं पुरत नाही, आईवडील आहेत का, प्रीमियम कोण भरणार, आईवडिलांना कोपे (बिलातला आपण भरायचा वाटा) किती, मोतीबिंदू-गुडघ्याला कॅप, म्हणजे कमाल रक्कम, किती, हे चार प्रश्न सही करायच्या आधी विचारा. आणि शुक्रवारी इथून सुटून पुढच्या सोमवारच्या पुढच्या सोमवारी तिकडे जॉईन होणार असाल तर मधल्या दिवसांत घरात कुणाची अँजिओग्राफी ठरलेली नाहीये ना, तेवढं बघा.